घरीच असते

मांगेरे, ऑकलंड
३ मार्च

मेलेआने,

फोन करणार नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि मधेच तुझी कुठली तरी मीटिंग उगवते. कागदाला मीटिंग नसते. शिवाय मी फोनवर ओरडले की पुढच्या घरात तुझ्या बापाला ऐकू जातं, आणि आपल्या टोंगन रीतीत बहिणीचा चढलेला आवाज भावाच्या कानावर पडू नये, एवढं तरी तुला आठवत असेल.

आपल्या गल्लीतली बस बंद होते आहे. मेच्या पहिल्या तारखेपासून. थांब्यावर तसा कागद डकवलाय. परवा चर्चच्या हॉलमध्ये दोन माणसं मोठा नकाशा घेऊन समजवायला आली होती. लोक जिथून फार हिंडतात तिथे लाल, कमी तिथे पिवळा, आणि जिथून कोणी हलतच नाही तिथे पांढरा. आपली गल्ली पांढरीफटक. त्यातला तरुण म्हणाला, "दुपारनंतर या भागातून प्रवासाची गरज दिसत नाही." मी विचारलं, "कोणाला दिसत नाही?" म्हणाला, "मॉडेलला." मी म्हटलं, "त्याला चष्मा लागलाय का? मी रोज बसते त्या बसमध्ये." लोक हसले. तोही हसला, आणि त्यानं माझ्या हातात अहवाल ठेवला. पहिल्या पानावर तीन नावं. तिसरं तुझं! माझ्या बापाचं आडनाव, त्या कागदावर.

त्या बसनं मी कुठे जाते हे तुला सांगायला हवं का? तुझ्या आतोबांना झटका आल्यापासून ते पुलापलीकडच्या आजारी म्हाताऱ्यांच्या घरात आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हट्ट तेवढा शाबूत आहे. नर्सच्या हातचं खात नाहीत. चमचा दिसला की तोंड फिरवतात. म्हणून मी रोज दुपारी लू करते, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून अगदी मऊ घोटते, डबा टॉवेलात गुंडाळते आणि बसनं जाते. संध्याकाळचं त्यांचं तेवढंच एक जेवण पोटात जातं. आता बस नाही तर जेवण नाही. एवढी साधी गोष्ट आहे. हमरस्त्यापर्यंत चढ आहे आणि माझा गुडघा तुला माहीत आहे.

शाळेत तुला आकडेमोड मी शिकवली. छडी मारून शिकवली. कमी मारली असं आता वाटतंय.

पत्राखाली निरोप लिहीत नाही. जाणाऱ्यानं राहणाऱ्याला "नोफो आ" म्हणावं, राहा. आणि राहणाऱ्यानं जाणाऱ्याला "अलु आ", जा. मला "राहा" असं तुझ्या नकाशानं आधीच सांगितलंय.

आतेलाइते आत्या


वेलिंग्टन
१० मार्च

आत्या,

पत्र दोनदा वाचलं. पण मलाही थोडं बोलू द्या.

मी बस बंद केलेली नाही. आमची कंपनी फक्त अंदाज देते, निर्णय शहराचे लोक घेतात. अंदाज कसा काढतात ते सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज जाईल. माणूस हिंडायचं म्हणून हिंडत नाही. त्याला कामावर जायचं असतं, पोर आणायचं असतं, मीठ संपलेलं असतं, प्रार्थनेला जायचं असतं. म्हणून आम्ही रस्ते मोजत नाही, माणसांचे दिवस विचारतो. काही घरांत जाऊन विचारतात, काल सकाळपासून कोण कुठे गेलं, कशासाठी, कशानं, कोणाबरोबर. त्या दिवसांवरून आम्ही संगणकात एक आख्खं शहर उभं करतो. खोटी माणसं, पण खऱ्यांसारखी. मग एखादी बस काढून बघतो, ती माणसं काय करतील. ही पद्धत पूर्वीच्यापेक्षा कितीतरी माणुसकीची आहे, आत्या. पूर्वी नुसत्या गाड्या मोजायचे. मी याच कामासाठी एवढं शिकले.

ज्या घरात चालू गाडी आहे आणि दुपारी ती रिकामी उभी असते, तिथली माणसं बस गेली तर त्या गाडीनं जातील, असं मॉडेल धरतं. त्यात वावगं काय? आपल्याकडे बाबांची व्हॅन आहेच की. दुपारी ते घरीच असतात.

आतोबांना माझा नमस्कार सांगा. रागावू नका.

नोफो आ,
मेलेआने


मांगेरे
१५ मार्च

"व्हॅन आहेच की"!

हे वाक्य तू स्वतःच्या हातानं लिहिलंस? टोंगन बापाची मुलगी तू, आणि बहिणीनं भावाच्या शेजारी गाडीत बसून रोज पूल ओलांडावा असं मला कळवतेस? वेलिंग्टनचं वारं डोक्यात शिरलंय का?

तू लहान होतीस तेव्हा टीव्ही लागला की तुझा बाप खोलीतून उठून जायचा. पडद्यावर काय निघेल सांगता येत नाही, आणि ते बहिणीसमोर बघायचं नाही, म्हणून. तू विचारायचीस, बाबा का गेले? मी सांगायची, मान देतोय. व्हॅनमध्ये आम्ही बसलो नाही का? बसलो, वर्षानुवर्षं बसलो. पण मधे तुझी आई असायची. पुढच्या लांब सीटवर तो, मग लोसे, मग खिडकीशी मी. त्याला मला काही सांगायचं असलं तर तो लोसेला सांगायचा, मला काही म्हणायचं असलं तर मीही लोसेलाच म्हणायची. ती बिचारी दोन्हीकडे मान हलवायची आणि मधेच स्वतःचा विनोद घुसडायची. तुझी आई जाऊन दीड वर्ष झालं. तिला पुरून आलो त्या दिवसापासून मी त्या व्हॅनमध्ये पाय ठेवलेला नाही. मधे बसवायला रोज कोणाचं पोर उसनं आणू? माझा लेक पर्थला खाणीत आहे. चर्चच्या बायका दुपारच्या पाळीला जातात. म्हणून बस, मेलेआने, म्हणून बस! हौस म्हणून नाही.

तुझ्या त्या भातुकलीच्या शहरात बाहुल्यांना भाऊबहीण नसतात का? की असले तरी एकाच डब्यात कोंबता?

आणि एक सांग. तुम्ही घरोघर विचारता म्हणालीस ना? मग माझा दिवस मला कोणी विचारला? मला कोणी विचारलेलं नाही. पुढच्या घरी कोणी आलं होतं का, ते तुझ्या बापाला विचार. मी विचारू शकत नाही.

आत्या


वेलिंग्टन
२४ मार्च

आत्या,

विचारलं. आणि आता मी तुमच्यावर, बाबांवर, माझ्यावर, सगळ्यांवर सारखीच चिडले आहे.

गेल्या वर्षी बाबांकडे एक मुलगी आली होती. चांगली मुलगी होती म्हणाले, तिला त्यांनी केळी दिली. अंगण एक, म्हणून तिनं तुमची मागची खोली त्याच घरात धरली. तुम्ही तेव्हा डबा घेऊन बसमध्येच असणार. तिनं विचारलं, घरात आणखी कोण? बाबा म्हणाले, बहीण. तिनं विचारलं, काल त्या कुठे कुठे गेल्या? आणि आपले बाबा म्हणाले, "नोफो पे. घरीच असते."

मी फोनवर किंचाळले. "बाबा, आत्या रोज पुलापलीकडे जाते! तुम्हाला ठाऊक नव्हतं?" तर म्हणतात, "ठाऊक कसं नसेल? ती थांब्यावर उभी असते तेव्हा बस येईपर्यंत मी पडद्यामागून बघत असतो. पण परक्या पोरीपुढे मी बहिणीच्या येण्याजाण्याचा पाढा वाचू? ती कुठे जाते, किती वाजता येते? भाऊ असं बोलतो का कधी?"

घ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मॉडेलमध्ये तुम्ही आहात, आत्या. वय सदुसष्ट, घरात गाडी, दिवसभर कुठेही जात नाही. आणि तुम्ही एकट्या नाही. आम्ही प्रत्येक घरी जात नाही, म्हणून विचारलेलं एक घर न विचारलेल्या शेकडो घरांच्या वतीनं बोलतं. बाबांच्या त्या दोन शब्दांनी आपल्यासारख्या कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना घरी बसवलंय. आणि त्यांतल्या किती घरांत असाच एखादा भाऊ किंवा मुलगा दारात उभा राहून उत्तरं देत असेल, कोण जाणे!

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, एका ओळखीच्या घराचं उत्तर आपण बदलायला लागलो तर उद्या प्रत्येक जण आपली आत्या घेऊन येईल. त्यांचं चूक नाही, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, मग सगळीच घरं पुन्हा विचारा. ते हसले.

आता एकच वाट आहे. ९ एप्रिलला शहराच्या लोकांपुढे या बसबद्दल सुनावणी आहे. मला बोलता येत नाही, अहवालावर माझं नाव आहे. तुम्ही बोललात तर ते म्हणतील, या बाईंना बस हवी आहे, म्हणून बोलतात. ज्यानं उत्तर दिलं त्यानंच उभं राहून सांगायला हवं की ते उत्तर खरं नव्हतं. बाबांना बोलायला तीन मिनिटं मिळतील, मी नाव नोंदवलंय. कृपा करून तुमची ती मर्यादा तीन मिनिटं बाजूला ठेवा. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसा, अगदी त्यांच्या समोर, म्हणजे त्यांना धीर येईल.

मेलेआने


वेलिंग्टन
१० एप्रिल

आत्या,

काल मी ऑफिसात संगणकावर सुनावणी बघत होते. शेजारी साहेब उभे होते.

बाबा माइकपाशी आले. कोट, मानाच्या प्रसंगी कमरेला बांधतात ती विणलेली चटई, केस चापून बसवलेले. मला किती अभिमान वाटला! आणि मग ते गप्प. हात पुढे बांधून, खाली बघत, गप्प! अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या, "बोला, मिस्टर फीफीता." हूं नाही की चूं नाही. सगळा वेळ संपत आला तेव्हा तोंड उघडलं आणि "माझी बहीण" एवढं म्हणेपर्यंत घंटा वाजली. पुढचा माणूस सायकलच्या रस्त्याबद्दल बोलायला आला.

साहेब म्हणाले, "बिचारे घाबरले." मी संडासात जाऊन रडले, रागानं. त्या मुलीपुढे तोंड उघडायचं नव्हतं तेव्हा उघडलं, आणि काल उघडायचं होतं तेव्हा कुलूप! आतोबांचं जेवण त्या तीन मिनिटांवर होतं. मी आता बाबांना फोन करणार नाही, तसं त्यांना सांगा.

मेलेआने


मांगेरे
१६ एप्रिल

मेलेआने,

उचलली जीभ लावली टाळ्याला. आता गप्प बस आणि नीट वाच.

तुझा बाप घाबरला नव्हता. आदल्या आठवडाभर तो अंगणात फिरून भाषण पाठ करत होता. मी माझ्या खिडकीतून ऐकलं, म्हणजे मुद्दाम नाही ऐकलं, पण ऐकू आलं. आतोबांच्या जेवणाचं, माझ्या गुडघ्याचं, लोसे गेल्याचं, सगळं होतं त्यात. चांगलं होतं. एका ठिकाणी इंग्रजी चुकत होतं, पण ते मी कसं सांगणार?

तूच लिहिलंस ना, पहिल्या रांगेत बसा, अगदी समोर? मी शहाणी तुझं ऐकलं. पिवळा पोशाख घालून समोर बसले. तो माइकपाशी आला, माझ्याकडे नजर गेली आणि खाली बघायला लागला. मला वाटलं, विसरला. मी मनात म्हणते, अरे बोल, अरे बोल! आणि तो उभा. बहीण समोर बसलेली असताना तिच्या दुखण्याचं, तिच्या नवऱ्याला भरवण्याचं चारचौघांत बोलायचं नाही म्हणून तो थांबला होता, मूर्ख पोरी! मी उठून बाहेर जाईन याची वाट बघत होता. मला ते कळायलाच निम्मा वेळ गेला. कळल्यावर उठले, तर रांगेत बारा जणांचे गुडघे, माझी काठी, कोणाची तरी पर्स. मी दारापर्यंत पोचले. दार बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं मान वर केली असणार, कारण मी बाहेरून "माझी बहीण" ऐकलं. मग घंटा ऐकली.

त्याच्यासमोर मी असणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं, हे तुला कळायला हवं होतं. मलाही कळायला हवं होतं. त्याच्यावर रागावू नकोस, मी आहे ना रागवायला. पण मी रागावले आहे ती त्या घंटेवर. एका माणसाला उभं करायचं आणि बोलायच्या आधी काय लागतं ते न विचारता मोजायला सुरुवात करायची! त्या बाईनं एकदा तरी विचारायचं, "तुम्ही कशासाठी थांबलात?" तुम्ही कोणी ते विचारतच नाही. कोण कुठे गेलं एवढंच विचारता.

बापाला फोन कर. रविवारच्या जेवणाला त्यानं ताट तसंच ठेवलं.

आत्या


वेलिंग्टन
१९ मे

आत्या,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. बाबांना फोन केला, माफी मागितली. ते म्हणाले, "झालं ते झालं," आणि हवामानाचं बोलायला लागले. तुमचं विचारलं तर म्हणाले, "बरी आहे." आतोबांचं विचारलं तर म्हणाले, "ते आतेलाइतेला विचार." तुमच्या घरातून बातमी काढणं म्हणजे नारळ नखानं सोलणं.

मी ऑफिसात भांडले. एकाच माणसाला दारात उभं करून अख्ख्या घराचे दिवस विचारू नयेत, असं सात पानी लिहून दिलं. पुढच्या वेळी विचार करू म्हणाले. पुढची वेळ चार वर्षांनी. माझ्या लिहिण्याची स्तुती केली, आणि मला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली. बस मात्र एक तारखेला बंद झाली, ते मी इथे बसून आमच्याच नकाशावर पाहिलं. रेघ होती तिथे काही नव्हतं.

आतोबांकडे कशा जाता? खरं लिहा.

मेलेआने


मांगेरे
२ जून

मेलेआने,

खरं लिहिते.

पहिला आठवडा गेलेच नाही. दोन दिवस टॅक्सी केली, तेवढ्यात पेन्शनीचा तळ दिसला. एक दिवस चढ चढून हमरस्त्याला गेले, दोन बस बदलल्या, पोचले तेव्हा त्यांची दिवे मालवायची वेळ झाली होती. डबा गार. नर्स म्हणाली, काही खाल्लं नाही. गुडघा सुजला, मग अंथरुणातच पडले. तिकडे ते चमच्याकडे पाठ करून पडलेले, इकडे मी. नर्सचा फोन आला, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी मी तुला, तुझ्या साहेबाला आणि त्या नकाशाला अशा शिव्या दिल्या की मला बघायला आलेल्या चर्चच्या पाद्रीबाईंनी उठून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात हॉर्न वाजला. बाहेर बघते तर व्हॅन माझ्या दाराशी उभी. तुझा बाप आत, समोर बघत. अंगात कोट, जसा काही रविवार. मी म्हणणार होते, मी येत नाही. मग दिसलं. मधल्या जागेवर लोसेची चटई ठेवलेली होती. ती रविवारी कमरेला बांधायची ती, काठाला तांबड्या लोकरीची. नीट घडी करून, उभी टेकवून, आणि वरून सीटचा पट्टा लावलेला.

मी डबा घेऊन खिडकीशी बसले.

गल्ली संपली. मग तो चटईकडे तोंड करून म्हणाला, "लोसे, तिला सांग, काच वर कर, वारं लागेल." मी काच वर केली. पुलावर मी म्हटलं, "लोसे, त्याला सांग, एवढ्या जोरात नको, डब्यातलं सांडतंय." त्यानं गाडी हळू केली. परत येताना तो म्हणाला, "लोसे, त्या हॉलमध्ये माझं भाषण राहून गेलं." आणि घर येईपर्यंत त्यानं ते सगळं तिला म्हणून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होते. इंग्रजी अजून तिथेच चुकतं.

तुझ्या आतोबांनी त्या दिवशी माझ्या हातचंही खाल्लं नाही. एवढे दिवस कुठे होतीस म्हणून रागावले होते. तोंड फिरवून पडले. मला बरं वाटलं, एवढा राग आहे म्हणजे अजून जीव आहे. दुसऱ्या दिवशी अर्धा डबा खाल्ला. आता पूर्ण खातात, पण नर्सकडे बघून भुवया उडवतात.

तर आता ऐक. बस नाही, आणि मी भावाच्या गाडीनं रोज पूल ओलांडते. तुझं मॉडेल अगदी हेच म्हणालं होतं, नाही का? चार वर्षांनी तुमची कोणी मुलगी येईल, कोणी तरी तिला केळी देईल, आणि ती लिहून नेईल, गाडी एक, माणसं दोन, रोज दुपारी. तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही बरोबर होतो! हे मला सहन होत नाही. तुझे आतोबा जेवले म्हणून मी रोज देवाचे आभार मानते, आणि तुम्ही बरोबर ठरलात म्हणून रोज दात खाते. तुम्ही आम्हाला ओळखलं नाही. तुम्ही बस काढून घेतली, आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून आम्ही तुमच्यासारखे झालो. त्यासाठी एका गेलेल्या बाईला रोज उठून कामाला यावं लागतं.

आणि चटई झिजायला लागली आहे. पट्टा एकाच जागी घासतो, काठाची लोकर सुटतेय. तुझा बाप ते बघतो आणि मला बोलू शकत नाही. मी बघते आणि त्याला बोलू शकत नाही. हे लोसेला सांगावं, तर ती काय करणार?

मी तुझी आत्या आहे. भावाच्या मुलीवर माझा शब्द चालतो, तो मी आजवर तुझ्यावर फारसा चालवला नाही, आज चालवते. नोकरी सोड असं म्हणत नाही, तिथे भांडायला कोणी तरी हवं. पण या शनिवारी ये, आणि महिन्यातून एका शनिवारी येत जा. तुझ्या आईची जागा आहे. त्या दिवसापुरती चटई मी धुऊन, सावलीत वाळवून पेटीत ठेवेन. दोघंही तुझ्याशी बोलू. तुला दोन्हीकडे मान हलवता येते का, बघू.

लू तुझ्यासाठीही करते. डबा तुला मांडीवर धरायला लागेल, मधे बसणारीनं तो धरायचा असतो.

आतेलाइते आत्या